खेळातून उपचार की सीबीटी?

लहान मुलाला "तुला काय वाटतंय?" विचारलं की बहुतेक वेळा "काही नाही" एवढंच उत्तर येतं. ते खोटं बोलत नसतं, भावनेला लावायला त्याच्याकडे शब्दच नसतो. साधारण 3 ते 11 वर्षांच्या मुलांसाठी प्ले थेरपी, म्हणजे खेळातून उपचार, इथेच उपयोगी पडते. बाहुल्या, वाळूचा ट्रे, रंग समोर असतात. खेळ मूल निवडतं, थेरपिस्ट दिसेल ते शब्दांत मांडतो: "या वाघाला राग आलाय, कुणी जवळ आलेलं नकोय त्याला." रागाला नाव मिळतं, पण वाघाच्या आडून, म्हणून मूल बिचकत नाही. घरी मात्र "आज काय सांगितलंस?" अशी उलटतपासणी झाली, की पुढच्या सत्रात खेळ आखडतो. ती कृपा करून टाळा.

सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी बोलून करायची उपचारपद्धती) साधारण सात-आठ वर्षांनंतर जमू लागते, किशोरवयात जास्त चांगली. चिंतेसाठी बहुधा 12 ते 16 सत्रं. प्रसंग, विचार, भावना, शरीरातला बदल हे वेगवेगळं लिहायचं, भीतीला 0 ते 10 गुण द्यायचे आणि 3 गुणांच्या भीतीपासून पायरी-पायरीने वर जायचं. थेट 9 ला हात घातला तर मूल पळ काढतं, आणि टाळून मिळालेली सुटका भीती आणखी पक्की करते.

चिंता ठळक आणि मूल बोलतं असेल तर आधी सीबीटी. तिच्यामागचा पुरावा अधिक भक्कम आहे. अबोल, लहान मुलासाठी खेळ. स्वतःला इजा करण्याचे विचार दिसले, तर निवड करत बसू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.