सीबवैहीवरची ऑडिओ सिरीज ऐकली, साडेतीन स्टार

अरबी व्याकरणकाराचं चरित्र म्हणजे झोपेची गोळी असं वाटलेलं, पण नाही हो! सीबवैही मूळचा इराणी, शिराझजवळच्या बैदाचा, बसऱ्याला हदीस (पैगंबरांची वचनं) शिकायला आला आणि वाचताना एका शब्दाची विभक्ती चुकली, गुरूने तिथेच टोकलं, मग हा पठ्ठ्या खलीलकडे व्याकरण शिकायला गेला, अशी गोष्ट सांगतात.

बगदादच्या वादाचा एपिसोड तर दोनदा ऐकला. वाक्य काय, तर विंचवाचा डंख गांधीलमाशीपेक्षा जहाल वाटायचा, बघतो तर तो तोच. त्यातल्या शेवटच्या सर्वनामाची विभक्ती कुठली यावर किसाई नावाच्या दुसऱ्या व्याकरणकाराशी जुंपली, बेदुईनांना (वाळवंटातल्या भटक्या अरबांना) साक्षीला बोलावलं, त्यांनी किसाईचीच री ओढली (विकले गेले होते म्हणे), आणि हा बिचारा हरून इराणला परतला तो तरुणपणीच गेला, साधारण 796 च्या आसपास. त्याने लिहिलेल्या व्याकरणाच्या पुस्तकाला नावसुद्धा दिलेलं नव्हतं, लोक नुसतं ‘अल-किताब’ म्हणतात, म्हणजे ‘पुस्तक’!

वैताग एकच, निवेदक प्रत्येक एपिसोडला नावाचा वेगळा उच्चार करतो, आणि तोही व्याकरणकाराच्या चरित्रात. मागचं म्युझिकपण जरा कमी हवं होतं.