चावीचा घोळ: सर्व्हिस सेंटर गाठायचं की चावीवाला बोलवायचा?

कुणाकडे जायचं हे ठरवण्याआधी पाच मिनिटं गाडीतच बसून नेमकं काय अडलंय ते पाहा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

चावी फिरतच नसेल तर घाबरू नका. पुढचं चाक फूटपाथला टेकलेलं असलं की हँडल लॉकवर ताण येतो. स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवत चावी हळूच फिरवा, जोर लावू नका, चावी आत तुटली तर खर्च वाढतो. तरी नाही फिरली तर घरातली दुसरी चावी लावून बघा. ती सहज फिरली तर कुलूप ठीक आहे, रोजची चावी झिजली आहे. कुलपात तेल मात्र घालू नका, त्यावर धूळ बसून चिकटा होतो. ग्रॅफाइटची पूड चालते.

चावी फिरते पण सेल्फ लागत नाही आणि दिवेही मंद आहेत? मग बॅटरी बघा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर पी (पार्क) किंवा एनवर (न्यूट्रल) आहे ना, तेही पाहा.

खरी गोम तिसऱ्या प्रकारात आहे. सेल्फ मारतो, पण इंजिन पकडत नाही, किंवा चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं, आणि मीटरवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतं. हा बहुधा इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा. चावीच्या प्लॅस्टिकमध्ये एक बारीक चिप असते. कुलपाभोवतीची कॉइल तिचा कोड वाचते आणि तो जुळला तरच ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिन चालू राहू देतो. या चिपला सेल लागत नाही, म्हणून रिमोटचा सेल बदलून हा दोष जात नाही. माझ्या गाडीने एकदा खोपोलीत असाच हिसका दाखवला. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी होती. ती बाजूला काढली आणि गाडी चालू झाली. टोइंगला फोन करण्याआधी एवढं नक्की करा.

आता कुणाकडे जायचं ते. चावी झिजली असेल किंवा एक चालती चावी हाताशी ठेवून दुसरी करायची असेल, तर मी चावीवाल्याकडेच जाईन. प्रोग्रामर मशीन असलेला चांगला कारागीर घरी येतो, चावी कापतो आणि तुमच्यासमोर चिपचा कोड गाडीशी जुळवून देतो. सर्व्हिस सेंटरमध्ये आरसी आणि ओळखपत्र दाखवा, चावी मागवा, वाट बघा. पैसेही सहसा जास्त लागतात.

पण चावी चोरीला गेली असेल तर सर्व्हिस सेंटरच. तिथे नुसती नवी चावी घेऊन निघू नका, हरवलेल्या चावीचा कोड ईसीयूमधून पुसायला सांगा. तो राहिला तर जुन्या चावीने गाडी चालू होतच राहील. सगळ्याच चाव्या हरवल्या तरी तिथेच जावं. वॉरंटीतल्या गाडीला बाहेरचा हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

कुलूपच बिघडलं तर सर्व्हिस सेंटर बहुतेक वेळा दारं-डिकीसह पूर्ण लॉकसेट सुचवतं. त्याआधी अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा, कारण चावी जिथे फिरते तो कुलपाचा बॅरल वेगळा आणि त्यामागचा, वीज सुरू करणारा इग्निशन स्विच वेगळा. चावी नीट फिरते पण मीटर मधेच विझतो, तेव्हा दोष अनेकदा स्विचमध्ये असतो आणि तो बऱ्याच गाड्यांत सुटा बदलता येतो.

कुणी ‘इमोबिलायझर बायपास करून देतो’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते आणि यंत्रणेत फेरफार केलेला आढळला तर क्लेम अडकू शकतो. दुसरी चावी आज कपाटात नसेल, तर पहिली चालते आहे तोवर करून घ्या. दोन्ही गेल्यावर तेच काम कितीतरी महाग पडतं.