केमनचा पासपोर्ट पुरे, की ब्रिटिश नागरिकत्वही घ्यावं?

कॅरिबियनमधल्या केमन आयलंड्स या ब्रिटिश ओव्हरसीज टेरिटरीत, ग्रँड केमन बेटावर, नॅचरलायझेशनची म्हणजे नागरिकत्वाची शपथ झाली की मराठी मंडळींच्या पहिल्याच जेवणात हा विषय निघतो. भारतीय पासपोर्ट परत केलेला असतो, केमनचा हातात आलेला असतो, आणि कुणीतरी विचारतं, आता हजार पौंडांहून जास्त भरून पुन्हा ‘पूर्ण’ ब्रिटिश कशाला व्हायचं? मीही हेच विचारायचो. दोन वर्षं विचारत राहिलो.

बाहेरून पाहिलं तर पैसे वाया गेल्यासारखंच वाटेल. दोन्ही पुस्तिका गडद निळ्या, दोन्हींवर राजचिन्ह, दोन्हींवर ‘ब्रिटिश पासपोर्ट’ हेच शब्द. फक्त एकीवर युनायटेड किंग्डमचं लांबलचक नाव आणि दुसरीवर केमन आयलंड्स. दिसायला मला केमनचाच आवडतो, हे सांगून टाकतो. फरक फोटोच्या पानावर आहे. एकात राष्ट्रीयत्व ‘ब्रिटिश सिटिझन’, दुसऱ्यात ‘ब्रिटिश ओव्हरसीज टेरिटरीज सिटिझन’. आणि खाली यंत्रानं वाचायच्या ओळीत एकाला जीबीआर, दुसऱ्याला जीबीडी.

या ‘डी’नंच माझा निर्णय करून टाकला.

मुंबई विमानतळ, रात्रीचे दोन. काउंटरवरच्या मुलीनं मुखपृष्ठ पाहून यादीतून केमन निवडलं. यंत्रानं नाकारलं. मग तिनं युनायटेड किंग्डम निवडलं, तेही नाकारलं. ‘सर, तुम्ही ब्रिटिशच ना?’ मी म्हणालो, हो. मग म्हणालो, म्हणजे तसा नाही. हे दुसरं वाक्य बोलायला नको होतं. वरिष्ठांना बोलावणं गेलं, फोन झाले, मागची रांग दुसऱ्या काउंटरकडे वळली. चाळीस मिनिटांनी बोर्डिंग पास मिळाला. काचेपलीकडे आई उभी होती. तिला वाटलं, मला पकडलंय.

गंमत अशी की तो ‘डी’ म्हणजे डिपेंडंट. 1981च्या कायद्यात, जो 1983पासून लागू झाला, आपल्या वर्गाचं नाव ‘डिपेंडंट टेरिटरीज’चे नागरिक असं होतं. 2002मध्ये ‘डिपेंडंट’ काढून ‘ओव्हरसीज’ घातलं, कोड मात्र तसाच राहिला. ‘ओ’ लावावा तर जीबीओ हा कोड ‘ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन’ नावाच्या निराळ्याच वर्गाचा. एका अक्षराचं हे रामायण पहाटे कुणाला समजावणार?

21 मे 2002 रोजी जे टेरिटरीजचे नागरिक होते ते, सायप्रसमधल्या लष्करी तळांपुरतंच नातं असलेले सोडून, आपोआप ब्रिटिश नागरिकही झाले. आपल्यासारख्या नंतरच्यांना 1981च्याच कायद्याच्या कलम 4अ खाली अर्ज करावा लागतो, आणि मंजुरी लंडनच्या मर्जीवर असते. आमची मुलगी मात्र आम्हाला इथं कायमचं वास्तव्य मिळाल्यावर जन्मली, त्यामुळे ती जन्मतःच दोन्ही. घरातल्या पहिल्या ब्रिटिश नागरिकाला तेव्हा दातही आले नव्हते.

कुणी म्हणेल, केमनच्या पासपोर्टवर मायामीला व्हिसाशिवाय जाता येतं. येतं, पण इथून थेट, आणि गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला घेऊन. मुंबईहून अमेरिकेमार्गे परतताना ती सवलत चालत नाही. ब्रिटिश नागरिकाला एस्टा, म्हणजे व्हिसाशिवाय अमेरिकेला जाण्याचा ऑनलाइन परवाना मिळतो, एरवी दोन वर्षांसाठी. फक्त 12 जानेवारी 2021 रोजी किंवा त्यानंतर क्युबात पाऊल टाकलं असेल तर तोही नाही. हवाना इतकं जवळ असल्यामुळे हे लक्षात ठेवलेलं बरं.

कराची भीती घालणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. ब्रिटन कर ठरवताना मुख्यतः वास्तव्य पाहतं, पासपोर्ट नव्हे. आणि ‘केमनियन’ असण्याचा हक्क दोन्हींपैकी कुठल्याच पुस्तिकेतून मिळत नाही, तो स्थानिक कायद्याचा वेगळा मामला.

बेटावरच राहायचं, वर्षातून एकदा मायामी करायची, मुलं शिकायला ब्रिटनला जाणार नाहीत, तर केमनचा पुरेल, नाही असं नाही. पण दरवर्षी मुंबई असेल तर मी अर्ज करीन. मी तरी केला. आणि जमलं तर ओसीआयचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं त्या कार्डाचा, फॉर्म तोवर थांबवा. मी आधी तो भरून मोकळा झालो, आणि नवा पासपोर्ट आल्यावर त्याची माहिती पुन्हा पोर्टलवर चढवत बसलो.