वीस युरोच्या सहा नोटा

बँकेत मी ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी रोकड खिडकीवर. खोटी नोट बोटाला कळते आणि लबाड गिऱ्हाईक उभं राहण्यावरून ओळखू येतं, असा माझा समज होता. रोममध्ये तो उतरला. आता ओळखीतलं कुणी युरोपला निघालं की मी हे सगळं फोनवर सांगत बसते. एकदाचं लिहूनच टाकते.

लेक जर्मनीत नोकरी करते. मे महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. तिने चार दिवस रजा टाकली आणि आम्ही दोघीच रोमला गेलो. तिचे बाबा असते तर महिनाभर आधी सगळी तिकिटं काढून, वर प्रत्येकाची झेरॉक्स घेऊन निघालो असतो. आम्ही मायलेकींनी विमान नि हॉटेल ठरवलं आणि बाकीचं तिथे गेल्यावर बघू म्हटलं. कोलोसियम म्हणजे प्राचीन रोमचं झुंजींचं भलंमोठं प्रेक्षागृह. त्याची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर साधारण ३० दिवस आधी खुली होतात आणि गर्दीच्या महिन्यांत बघता बघता संपतात. साधं तिकीट १८ युरोचं, त्यातच शेजारचा रोमन फोरम (जुन्या रोमचा मुख्य चौक, आता अवशेष) आणि पॅलाटाइन टेकडीही येते. हे ज्ञान आम्हाला आदल्या रात्री पलंगावर बसून झालं. तोवर दुसऱ्या दिवसाच्या सगळ्या वेळा भरलेल्या.

"जाऊन तर बघू, खिडकीवर काहीतरी असेलच," मी म्हटलं. खिडकीवर माझा फार विश्वास.

कोलोसेओ मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे अख्खं कोलोसियम उभं असतं. वाट चालायची नाही, वळण घ्यायचं नाही, एकदम समोर. इसवी सन ८०मध्ये खुलं झालेलं, पन्नासेक हजार माणसं बसतील एवढं. मी मान वर करून बघतच राहिले. माणूस असा आ वासून उभा असतो तेव्हाच त्याला गाठायचं, हे तिथल्या दलालांना पक्कं ठाऊक.

"नमस्ते! इंडिया?" इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टॅब, गळ्यात पट्ट्याला ओळखपत्र. माझ्याशी तो तेवढंच बोलला. पुढचं सगळं बोलणं लेकीशी, पण नजर माझ्या गुडघ्यावरच्या नी-कॅपकडे. आजची तिकिटं संपली आहेत. (हे खरं होतं, म्हणून पुढचंही खरं वाटलं.) खिडकीची रांग तीन तासांची. आईंना एवढ्या उन्हात उभं करणार का? आमच्या गटात दोन जागा उरल्यात, गाइडसकट माणशी ६० युरो, पंधरा मिनिटांत आत.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती मान का हलवली ते पुढे सांगते.

कार्ड काढलं तर त्याच्या मशीनला नेमकं नेटवर्क नव्हतं. एटीएम मात्र त्यानेच बोट करून दाखवलं. तिथे मी आणखी एक दिवा लावला. यंत्राने विचारलं, रक्कम रुपयांत वळती करू की युरोतच ठेवू? रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं, म्हणून मी रुपयांचं बटण दाबलं. त्यात भाव तो यंत्रवाला लावतो आणि तो नेहमी त्याच्या सोयीचा असतो. परदेशात नेहमी तिथल्याच चलनाचं बटण दाबायचं. ज्या बाईने आयुष्यभर लोकांना असले सल्ले दिले, तिने हे केलं.

वीसच्या सहा नोटा त्याच्या हातात दिल्या. त्याने त्या मोजल्या नाहीत. घडी केली आणि खिशात टाकली. ते मला खटकलं होतं, अगदी स्पष्ट आठवतंय. पैसे न मोजता घेणाऱ्याला एक तर पैशाची फिकीर नसते, नाहीतर तिथून लवकर सटकायचं असतं. खिडकीत बसलेली असते तर मी दोनदा वर पाहिलं असतं. पण तेव्हा मी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला होते.

अकरा वाजता कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी जमायचं होतं. तिथे निळी छत्री घेतलेली एक बाई आणि आमच्यासारखी आठ-दहा माणसं होती. अर्धा तास उन्हातच गेला, म्हणजे जे चुकवण्यासाठी पैसे मोजले तेच. मग बाईने आम्हाला एका रांगेच्या शेपटाशी नेलं, प्रत्येकाच्या हातात छापील कागद दिले, "तुम्ही पुढे व्हा, मी बाकीच्यांना घेऊन येते" म्हणाली, आणि छत्री मिटली. छत्री मिटल्यावर त्या गर्दीत ती कशी सापडणार!

दारावरच्या माणसाने कागद पाहिला आणि पासपोर्ट मागितला. ऑक्टोबर २०२३ पासून कोलोसियमची तिकिटं नावानिशी असतात, नाव जुळलं तरच आत. आमच्या दोन्ही कागदांवर एकच नाव होतं, कुणा परक्या पुरुषाचं. त्या माणसाने पासपोर्ट परत दिला आणि बाजूला व्हायची खूण केली. रागावला नाही, चकितही झाला नाही. दिवसातून कितीदा करत असेल तो ही खूण.

साडेअकरा हजार रुपयांच्या घरात गेले. पांढरा शर्ट अर्थातच जागेवर नव्हता. जवळ गणवेशातले पोलीस होते, त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ठाण्यात जाऊन लेखी तक्रार करा म्हणाले. रोख दिलेले, पावती नाही, नाव माहीत नाही, तक्रारीत लिहायचं काय? पांढरा शर्ट? कार्डाने दिले असते तर निदान बँकेशी भांडता आलं असतं. म्हणूनच तर नेटवर्क नव्हतं.

आणि खरी चीड आणणारी गोष्ट अशी की फोरम आणि पॅलाटाइनची वेगळी तिकिटं त्या दिवशीही खिडकीवर मिळत होती. काढली आणि आत गेलो. टायटस या रोमन सम्राटाच्या कमानीखाली लेकीने आतल्या बाजूचं कोरीवकाम दाखवलं: रोमन सैनिक जेरुसलेमच्या मंदिरातली सात फांद्यांची समई खांद्यावरून मिरवत नेताहेत. त्याच लुटीच्या पैशावर कोलोसियम उभं राहिलं असं मानतात. "बघ आई, परंपरा जुनी आहे," ती म्हणाली. मला हसू आलं नाही, पण राग जरा खाली बसला.

पुढे सम्राट अँटोनायनस आणि त्याची राणी फाउस्टिना यांचं देऊळ लागतं. पुढचे खांब रोमन देवळाचे आणि त्यांच्या मागे चर्च. चर्चचा हिरवा दरवाजा जमिनीपासून इतका उंच, की उघडून पाऊल टाकणारा सरळ खालीच यावा. चर्च झालं तेव्हा जमीन तिथवर भरलेली होती, नंतर उत्खननात खाली गेली. त्या लोंबकळत्या दाराकडे मी बराच वेळ बघत बसले. गुडघाही दुखत होता.

रात्री जेवताना विषय निघाला. लेक म्हणाली, "तुझा गुडघा नसता तर मी त्याला उभंही केलं नसतं." मी म्हटलं, अगं, मला तर तो पहिल्यापासून पटला नव्हता, पण तू रजा टाकून आलेली, तुझा दिवस वाया नको म्हणून मान हलवली. म्हणजे दोघींनाही नको होतं आणि दोघींनी एकमेकींसाठी घेतलं. त्याने नेमकी ही फट हेरली होती. म्हणून जोडीने जाणार असाल तर आधीच ठरवा, कुणी दारात काही विकायला आला की दोघांनी चार पावलं बाजूला जायचं आणि मराठीत मोकळं बोलायचं. ती चार पावलं त्याला अजिबात आवडत नाहीत.

एवढं झाल्यावर शहाणपण यावं ना? दुसऱ्या दिवशी सेंट पीटर्स बॅसिलिका, व्हॅटिकनमधलं मोठं चर्च. आता रस्त्यावरच्या माणसाकडून काही घ्यायचं नाही म्हणून रात्रीच ऑनलाइन 'रांग टाळा' तिकीट काढलं, माणशी २५ युरो. संकेतस्थळावर घुमटाचं सुंदर चित्र, पिवळा-पांढरा रंग, सगळं कसं व्हॅटिकनचंच वाटावं असं. ते होतं एका मध्यस्थाचं. बॅसिलिकेत जायला पैसेच लागत नाहीत! पैसे लागतात ते घुमटावर चढायला. आणि चौकातली रांग असते ती सामान तपासणीची, तिला आमचं तिकीट चुकवू शकलं नाही. मिळालं काय, तर फोनवर ऐकायची ध्वनिफीत. खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं, त्यामुळे तक्रारीला जागाच नाही. पहिली चोरी होती, ही कायदेशीर. मला दुसरीचाच जास्त राग आहे.

रांगेत असताना एकाने लेकीच्या मनगटाला 'भेट' म्हणून दोरा बांधायला घेतला. राखी बांधून ओवाळणी मागायची ती तऱ्हा. तिने हात झटकन मागे घेतला. एवढी प्रगती झाली होती.

आत गेल्यावर मात्र सगळं विसरायला झालं. उजव्या हाताला मायकेलअँजेलोची पिएता, मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीचं शिल्प. १९७२मध्ये एकाने तिच्यावर हातोडा चालवला, तेव्हापासून ती काचेआड आहे. पुढे संत पीटरची काशाची मूर्ती. लोकांच्या स्पर्शाने तिच्या उजव्या पावलाची बोटं पार झिजून गुळगुळीत झालीत. मला पंढरपूरची आठवण झाली. विठोबाच्या पायांचीही अशीच झीज झाली म्हणून वज्रलेप करावा लागला होता. मी त्या पावलाला हात लावला. तिथे कुणी पैसे मागितले नाहीत.

जाणाऱ्यांसाठी अजून थोडं. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम, फोरम फुकट असतं, गर्दीची तयारी ठेवा. पँथिऑनला (जुनं रोमन देऊळ, आता चर्च) २०२३पासून तिकीट आहे, आम्ही गेलो तेव्हा ते पाच युरोचं होतं. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात, नाहीतर दारातच महागडी ओढणी गळ्यात पडते. आपली पर्समध्ये असू द्या. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रस्तोरस्ती सतत वाहणारे नळ आहेत, पाणी गार आणि गोड. आणि कोलोसियमच्या कुठल्याही तिकिटावर आधी स्वतःचं नाव वाचा. पासपोर्टावर आहे तसं, स्पेलिंगसकट. पैसे त्यानंतर.

हिशेबाच्या वहीत त्या दिवसापुढे मी 'रोकड कमी: १२० युरो' असं लिहिलंय. बँकेत रोकड कमी आली की ती कॅशियरच्या खिशातून जाते, तशी गेली. ते दोन कागद त्याच पानात ठेवलेत. कधी वही उघडली की त्यावरचं नाव वाचते. तो माणूस खरंच असेल, तर त्या दिवशी तो कुणाच्या नावाचा कागद घेऊन दारात उभा होता कोण जाणे.