डब्ल्यूपीए सप्लिकंट आणि आयडब्ल्यू: काही महिन्यांच्या वापरानंतर

लिनक्सच्या छोट्या बोर्डांवर वाय-फायला जोडणारा प्रोग्रॅम डब्ल्यूपीए सप्लिकंट, त्याच्यासोबत मिळणारी, पासवर्डपासून की काढणारी डब्ल्यूपीए-पासफ्रेज कमांड आणि सिग्नल बघायला आयडब्ल्यू ही कमांड, हा संच काही महिने रोज वापरात आहे. संच भरवशाचा आहे. पण त्यातून निघणारा आकडा कशापासून आणि कोणत्या सूत्राने बनला हे माहीत नसेल, तर तोच आकडा तासन्‌तास चुकीच्या जागी शोधायला लावतो. कीच्या बाबतीतही आणि सिग्नलच्याही.

आधी की, म्हणजे नेटवर्कला जोडताना प्रत्यक्ष वापरला जाणारा गुप्त आकडा. पासवर्ड ८ ते ६३ आस्की अक्षरांचा. त्यातून पीबीकेडीएफ२ या पासवर्डपासून की बनवायच्या पद्धतीने २५६ बिटची की निघते: एचमॅक-शा१ ही हॅश काढायची क्रिया, तिच्या ४०९६ फेऱ्या आणि सॉल्ट (पासवर्डसोबत मिसळायचा मजकूर) म्हणून नेटवर्कचं नाव. शा१ एका वेळी १६० बिटच देतं, त्यामुळे सगळं दोनदा करावं लागतं, म्हणजे ८१९२ एचमॅक. धिम्या प्रोसेसरवर हा वेळ जाणवतो. की आधीच काढून फाइलमध्ये ठेवली की तो वाचतो. स्वतः कोड लिहिला असेल तर वाय-फाय सुरक्षेच्या ८०२.११आय मानकातलं उदाहरण चालवून बघा: नाव आयईईई, चारही कॅपिटल, आणि पासवर्ड म्हणून ‘पासवर्ड’ हाच इंग्रजी शब्द स्मॉल अक्षरांत. येणारी की एफ४२सी ने सुरू होऊन ए१२ई ला संपली पाहिजे.

सॉल्टमध्ये नाव आहे, त्यामुळे राउटरवर नाव बदललं की पासवर्ड तोच असूनही जुनी हेक्स की (० ते ९ आणि ए ते एफ यांत लिहिलेली) निकामी होते. एखादं अक्षर कॅपिटलचं स्मॉल झालं किंवा शेवटी स्पेस राहिली तरी तेच. लॉगमध्ये फोर-वे हँडशेक (दोन्हीकडची की जुळते का याची चार संदेशांची तपासणी) फसल्याची आणि प्री-शेअर्ड की, म्हणजे हीच की, चुकीची असू शकते अशी ओळ येते, आणि लोक पासवर्डच पुन्हा पुन्हा टाइप करत बसतात. आधी नाव तपासा.

डब्ल्यूपीए-पासफ्रेज वापरताना पासवर्ड कमांडच्या ओळीत देऊ नका, तो टर्मिनलच्या हिस्टरीत राहतो. फक्त नाव द्या, पासवर्ड ती नंतर वाचून घेते. ओळीतच द्यायचा झाला तर सिंगल कोट्स लावा. डबल कोट्समध्ये डॉलरचं चिन्ह असलं तर शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) त्याला व्हेरिएबल समजतो आणि भलत्याच पासवर्डची की तयार होते, तीही कुठलीही चूक न दाखवता. आउटपुटमध्ये मूळ पासवर्ड कॉमेंट म्हणून छापलेला असतो. ती ओळ पुसा आणि फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा, कारण हेक्स की हातात आली तरी नेटवर्कमध्ये शिरता येतंच. लपतो तो फक्त मूळ पासवर्ड.

सप्लिकंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये कोट्सचा अर्थ पक्का आहे: कोट्समध्ये लिहिलं तर पासवर्ड, कोट्सशिवाय ६४ हेक्स अक्षरं लिहिली तर तयार की. डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीत पासवर्ड तपासणाऱ्या एसएईला मात्र ही तयार की चालत नाही, तिथे मूळ पासवर्डच लागतो. हेक्स की भरलेली जुनी कॉन्फिग उचलून फक्त एसएई लावली तर जोडणी होणार नाही.

नेटवर्कचं नाव देवनागरीत ठेवणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. नावाची मर्यादा ३२ बाइटची आहे, अक्षरांची नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. म्हणजे जेमतेम १० चिन्हं. ‘दुसरा मजला’ २८ बाइटमध्ये बसतं. खरी मेख ‘ऱ’ मध्ये आहे. तो एकसंध चिन्ह म्हणूनही टाइप होतो आणि र अधिक नुक्ता (खालचं टिंब) असाही. ‘वऱ्हांडा’ हे नाव एका कीबोर्डवरून २४ बाइटचं आणि दुसऱ्यावरून २७ बाइटचं होऊ शकतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण मशीनच्या लेखी ती दोन वेगळी नेटवर्कं, आणि त्यांच्या की वेगळ्या. उपाय साधा आहे: आयडब्ल्यूच्या स्कॅनमध्ये असं नाव बाइटनिहाय हेक्समध्ये दिसतं, तेच बाइट सलग करून कॉन्फिगमध्ये कोट्सशिवाय लिहायचे.

वेप ही जुनी सुरक्षा पद्धत कोणी अजून वापरत असेल तर तिची की ५ अक्षरं म्हणजे १० हेक्स, १३ अक्षरं म्हणजे २६ हेक्स. सप्लिकंटच्या २.१० आवृत्तीपासून नेहमीच्या बिल्डमधून वेप काढलेलंच आहे, आणि ते योग्यच झालं.

आता सिग्नल. आयडब्ल्यू सरळ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली सिग्नलची ताकद; शून्याच्या जितकी जवळ तितकी जास्त) देतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. समजा आकडा -५८ आहे. विंडोजची पद्धत -१०० ला ० टक्के आणि -५० ला १०० टक्के धरते, म्हणून तिथे ८४ टक्के. जुनं आयडब्ल्यूकॉन्फिग त्यात ११० मिळवून ७० पैकी ५२ दाखवतं, म्हणजे ७४ टक्के. अँड्रॉइडची जुनी पद्धत -१०० ते -५५ हा पट्टा धरते आणि अपूर्णांक सोडून देते, त्यामुळे ० ते ४ काड्यांत हाच सिग्नल ३ वर थांबतो. एकच सिग्नल, तीन उत्तरं, आणि आपापल्या सूत्राने तिन्ही बरोबर. म्हणून नोंद डीबीएमचीच ठेवावी. टक्के हवेच असतील तर दाखवताना काढावेत आणि सूत्र शेजारी लिहावं.

कुठे १९८ असा धन आकडा दिसला तर घाबरू नका. ८ बिटचा ऋण आकडा धन म्हणून वाचला गेलाय. २५६ वजा करा, -५८ मिळेल.

सरासरीतही घोळ होतो. -५० आणि -७० ची सरळ सरासरी -६० येते, पण मिलिवॉटमध्ये नेऊन काढली तर साधारण -५३. शक्तीची सरासरी हवी असेल तर दुसरी पद्धत बरोबर. ‘इथे साधारण रेंज किती’ एवढंच बघायचं असेल तर मला मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधला) जास्त पटतो, कारण एखादी उसळी त्याला हलवत नाही. दोन अँटेनांचे आकडे वेगळे दिसत असतील, -६० आणि -६२, तर त्यांची बेरीजही मिलिवॉटमध्येच. ती -५८ च्या आसपास येते.

आणि नुसता सिग्नल पुरत नाही. चॅनेल २० वरून ८० मेगाहर्ट्झ केला की त्यात शिरणारा नॉइज, म्हणजे नको असलेला रेडिओ गोंगाट, ६ डीबीने वाढतो. सिग्नल समजा -७० वरच राहतो, पण सिग्नल आणि नॉइजमधला फरक तेवढा घटतो आणि वेग अपेक्षेइतका वाढत नाही. नॉइजसाठी आयडब्ल्यूचं सर्व्हे डंप किंवा सप्लिकंटशी बोलणाऱ्या डब्ल्यूपीए-सीएलआय कमांडचं सिग्नल-पोल वापरा. सिग्नल-पोलमध्ये नॉइज ९९९९ आला तर तो मोजलेला आकडा नाही, ड्रायव्हरने माहिती दिलेली नाही असा त्याचा अर्थ. स्क्रिप्टमध्ये वजाबाकी करण्याआधी तो गाळून टाका, नाहीतर अख्खा आलेख त्या एका आकड्यामागे जातो.