निरीक्षण, चेकलिस्ट की टेस्ट? आणि पहिलीत जाताना मुलासोबत नेमकं काय पाठवायचं

प्लेग्रुप किंवा केजी चालवत असाल आणि यंदा मूल्यमापनाची पद्धत एकदाची ठरवून टाकायची असेल तर समोर साधारण तीन रस्ते असतात. रोज मुलांकडे बघायचं आणि लिहून ठेवायचं, हा एक. वयाप्रमाणे चेकलिस्ट भरायची, हा दुसरा. आणि मुलाला समोर बसवून ठरलेले प्रश्न विचारायचे, म्हणजे टेस्ट किंवा बेसलाइन, हा तिसरा. बहुतेक जण यांची तुलना करताना वेळ किती जातो आणि पालकांना दाखवायला काय बरं दिसतं एवढंच बघतात. मी म्हणेन आधी हे विचारा की हा कागद पुढे कोण वाचणार आणि वाचून वर्गात काय वेगळं करणार. याचं उत्तर सापडत नसेल तर पद्धत कितीही भारी असो, ती नुसती भरण्यासाठी भरली जाते.

निरीक्षणापासून सुरू करू कारण माझा कल तिकडेच आहे, लपवत नाही. पण नोंद म्हणजे काय यातच अर्धा घोळ असतो. "समस्या सोडवण्याची क्षमता चांगली आहे" ही नोंद नव्हे, हे मत झालं. "मनोरा दोनदा पडला, तिसऱ्यांदा त्याने मोठा ठोकळा खाली घेतला आणि शेजारच्या मुलीला म्हणाला, हा खाली ठेव मग नाही पडत" ही नोंद. यात मूल काय करतं, काय बोलतं, कोणाशी बोलतं सगळं आलं, आणि पुढच्या वर्गातल्या बाईंनी वाचलं तर त्यांना लगेच कळतं की याला अजून अवघड रचना द्यायला हरकत नाही. तारीख मात्र टाकाच, तारखेशिवाय प्रगती दिसत नाही.

न्यूझीलंडमध्ये याचंच एक रूप बरंच रुजलंय, लर्निंग स्टोरीज. मार्गारेट कार यांनी ते पुढे आणलं आणि तिथल्या ते व्हारिकी या अभ्यासक्रमाशी (१९९६चा, २०१७ मध्ये सुधारलेला) ते चांगलं जुळतं. टीचर मुलाच्या एखाद्या प्रसंगाची छोटी गोष्ट लिहितात, बऱ्याचदा थेट मुलालाच उद्देशून, आणि त्यातून काय शिकणं दिसलं, पुढे काय करता येईल हे जोडतात. पालक हे आवडीने वाचतात, मुलं स्वतः फोटो बघून बोलायला लागतात. अडचण एवढीच की सगळं गोड गोड होत जातं. मुलाला काय जमत नाहीये, कशाने ते बिथरतं हे कुठेच येत नाही, आणि नव्या वर्गातल्या टीचरला पहिल्या आठवड्यात नेमकं तेच हवं असतं.

दुसरा तोटा वेळेचा. वर्गात पंचवीस मुलं असतील तर रोज सगळ्यांवर लिहिणं कोणालाच झेपत नाही, आणि लिहायला बसलं की मुलांशी बोलणं थांबतं. इंग्लंडच्या बालशिक्षणाच्या आराखड्यात तर स्पष्टच म्हटलंय की मूल्यमापनासाठी मुलांशी बोलणं-खेळणं फार वेळ सोडून बसावं लागू नये आणि कागदपत्रांचा अतिरेक होऊ नये. त्यामुळे रोज दोन-तीन मुलांवर नजर ठेवायची, बाकी काही ठळक दिसलं तरच टिपायचं, असं फिरवत गेलं तर जमतं. महिन्याच्या शेवटी वही उलटून कोणाची पानं कोरी आहेत तेही बघा. जवळपास नेहमी ती शांत, त्रास न देणारी मुलं असतात, कारण दंगेखोर पोरांची नोंद आपोआप होते. अॅपवर ढीगभर फोटो टाकणारेही असतात, पण ओळभर मजकूर नसेल तर सहा महिन्यांनी तो फोटो ज्याने काढला त्यालाही त्याचा अर्थ लागत नाही, आणि फोटोसाठी पालकांची परवानगी घ्यायची ती वेगळीच.

आता चेकलिस्ट. पटकन होते, कोणीही भरू शकतं, नवीन टीचरलाही कुठे बघायचं ते कळतं. पण चेकलिस्टच्या दोन जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. एक स्क्रीनिंगची, म्हणजे कुठल्या मुलाकडे जास्त बारकाईने बघायला हवं ते सांगणारी. उदाहरणार्थ एएसक्यू ही मुलाच्या वाढीच्या टप्प्यांबद्दलची प्रश्नावली पालक स्वतः भरतात, उत्तरं हो, कधीकधी, अजून नाही अशी तीनच, आणि ती १ महिन्यापासून साडेपाच वर्षांपर्यंतच्या वेगवेगळ्या वयांसाठी असते. ऑटिझमसाठीची एम-चॅट १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते, २० प्रश्नांची. ही साधनं चांगली आहेत पण ती निदान करत नाहीत, "पुढे तपासा" एवढंच म्हणतात. प्रश्नावलीत काही निघालं की लगेच पालकांना घाबरवून सोडायचं नाही, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन "होईल हळूहळू" म्हणत वर्ष घालवायचंही नाही.

दुसरी जात म्हणजे वर्गाची टिकमार्कवाली यादी: रंग ओळखतो, कात्रीने कापतो, दहापर्यंत मोजतो. हिच्याबद्दल मला जरा राग आहे. चौकट कोरी दिसली की त्या मुलाला कात्री देऊन कोपऱ्यात बसवलं जातं आणि बघता बघता यादीच अभ्यासक्रम होऊन बसते. शिवाय एकदा जमलं म्हणून टिक, की नेहमी जमतं म्हणून टिक, हे दोन टीचर दोन प्रकारे ठरवतात. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाचं तर यात हमखास नुकसान, त्याला मोजता येत असतं पण तुमच्या भाषेत नाही, आणि यादीला ते दिसतच नाही. अशा मुलाबद्दल घरच्या भाषेत काय काय येतं हे आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठलीच चौकट कोरी ठेवू नका.

टेस्टवर फार वेळ घालवत नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून रिसेप्शन (चार-पाच वर्षांच्या मुलांचा, शाळेतला पहिला) वर्गातल्या मुलांची बेसलाइन चाचणी सक्तीची आहे, पहिल्या सहा आठवड्यांत, साधारण २० मिनिटांची, एकेका मुलासोबत. पण तिचा हेतू नीट बघा. प्राथमिक शाळेच्या शेवटी शाळेने मुलांना किती पुढे नेलं हे मोजायला ती आहे, शिक्षकांना मुलाचे मार्क दिलेच जात नाहीत, फक्त थोडक्यात वर्णन मिळतं. म्हणजे ज्यांनी एवढी मोठी चाचणी उभी केली तेसुद्धा तिच्यावरून एका मुलाबद्दल निर्णय घ्या म्हणत नाहीत. आणि आपण मात्र एका सकाळच्या प्रश्नोत्तरांवरून "हा पहिलीसाठी तयार नाही" म्हणून मोकळे होतो! एकाच वर्गातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान मुलं जवळपास वर्षभराच्या फरकाची असू शकतात, आणि चार वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा पाव भाग. टेस्ट वापरायची असेल तर तज्ज्ञाने, ठरावीक शंकेसाठी. प्रवेश द्यायचा की नाही किंवा मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसवायचं की नाही यासाठी तर नाहीच.

एक चौथा पर्याय तुलनेत सहसा येतच नाही, बेल्जियममधल्या ल्यूवनची श्रेणी. फेर्रे लेव्हर्स आणि त्यांच्या गटाचं हे काम. मूल किती निवांत आहे आणि कामात किती गुंतलंय हे १ ते ५ वर बघायचं, दोन-तीन मिनिटं शांतपणे निरीक्षण करून. आकडा कमी आला की मुलात काय कमी आहे ते शोधायचं नसतं, वर्गात काय बदलायला हवं ते शोधायचं असतं. मला हे वर्ग बदलण्याच्या काळात सगळ्यात कामाचं वाटतं. मेमध्ये चार-पाचवर असलेलं मूल नव्या वर्गात गेल्यावर महिनाभर दोनवरच असेल तर ते "मागे पडलं" असं नसतं, त्याला अजून तिथे सुरक्षित वाटत नाहीये एवढंच. जुन्या वर्गातला आकडाच नसेल तर हे कळणार कसं?

आता ट्रान्झिशन, म्हणजे मुलाचं एका वर्गातून पुढच्या वर्गात जाणं. इथेही तीन गोष्टी आहेत, फाइल, टीचर-टीचरमधलं बोलणं आणि भेटी. जाडजूड फाइल पाठवायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे आणि ती बऱ्याच ठिकाणी कपाटात पडून असते, कारण ती पोचते वर्ग सुरू झाल्यावर आणि वाचायला लागतात तास. त्यापेक्षा एका मुलाचं एकच पान. रडलं की कशाने शांत होतं, सध्या कशात रमतं, कोणत्या मित्राबरोबर बसलं तर बरं, घरची भाषा, तब्येतीचं काही, टॉयलेटला सांगतं का, आणि सध्या कुठे अडतंय. सोबत दोन-तीन खऱ्या नोंदी, वर दिली तशा. नुसत्या श्रेणी पाठवून फारसं काही होत नाही. इंग्लंडच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे रिसेप्शनच्या शेवटी शिक्षक भरतात त्या मूल्यमापनात, १७ उद्दिष्टं आहेत आणि २०२१ च्या बदलानंतर प्रत्येकाला दोनच शेरे, अपेक्षित किंवा अजून घडतंय. कसंबसं पोचलेलं मूल आणि आरामात पोचलेलं मूल दोघांनाही "अपेक्षित" मिळतं, त्यावरून सोमवारचा धडा कोणी कसा आखणार.

बोलणं फाइलपेक्षा भारी, पण सगळ्या मुलांवर सारखा वेळ देऊ नका. पूर्ण वर्गावरून एक झटपट फेरी आणि ज्या चार-पाच मुलांची काळजी आहे त्यांच्यावर सावकाश, असं केलं तर एका बैठकीत होतं. भेटींमध्ये सगळे मुलांना नवा वर्ग दाखवायला नेतात, ते छानच आहे, पण एकच भेट शक्य असेल तर मी नव्या टीचरला जुन्या वर्गात आणेन. ओळखीच्या जागी मूल खरं कसं आहे ते तिथेच दिसतं, नव्या वर्गात तर निम्मी मुलं आईच्या मागे लपलेली असतात. मुलांसाठी नव्या जागेचे फोटो पुरतात, गेट, दप्तर ठेवायची जागा, टॉयलेट, बाईंचा चेहरा, हे सुट्टीत घरी बघायला द्या.

जास्तीची मदत लागणाऱ्या मुलांचं वेगळं आहे, तिथे तुलनेला जागाच नाही, तिन्ही गोष्टी लागतात आणि लवकर लागतात. अमेरिकेच्या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात, लहानपणीच्या सेवांमधून प्रीस्कूलच्या सेवांकडे जायच्या वेळी, मुलाच्या तिसऱ्या वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी बैठक घ्यायची तरतूद आहे. तुमच्याकडे असा नियम असो नसो, शेवटच्या महिन्यात सुरू करणं म्हणजे उशीरच. आईवडिलांना बैठकीत निर्णय ऐकायला बोलावू नका, बोलायला बोलावा, थेरपिस्ट असेल तर त्याने लिहिलेली नोंदही मागून घ्या, आणि कुठली माहिती पुढे जाणार हे पालकांना आधी दाखवून त्यांची संमती घ्या.

तर ठरवायचं कसं? स्टाफ कमी आणि अनुभव नवा असेल तर फिरती निरीक्षणं, वर्षातून दोनदा पालकांकडून स्क्रीनिंग प्रश्नावली आणि शेवटी एकपानी टिपण, एवढ्यावर थांबा, अॅप वगैरे नंतर. स्टाफ मुरलेला असेल तर लर्निंग स्टोरीज घ्या, पण प्रत्येक गोष्टीत "अजून काय अवघड जातं" ही ओळ सक्तीची करा. वरून कोणी आकडे मागत असेल तर ते द्या, फक्त त्याच आकड्यांवर मुलांचे गट पाडू नका. आणि नव्या वर्गात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कसलंही मूल्यमापन नको, तोवर जुनं पान हाताशी ठेवा. महिना-दीड महिन्याने नव्या टीचरने जुन्या टीचरला एक फोन करायचा आणि टिपणातलं काय उपयोगी पडलं, काय चुकीचं निघालं ते सांगायचं, म्हणजे पुढच्या वर्षीचं पान त्याप्रमाणे बदलता येतं.