चुन्यात शिजवलेला मका वाटून देणारं गोकुळपेठेतलं दुकान

नागपूरच्या गोकुळपेठ बाजाराच्या मागच्या गल्लीत इडली-डोशाचं पीठ वाटून देणारं छोटं दुकान आहे. आत ओल्या वाटणाच्या तीन मशिनी, बाहेर स्टीलचे डबे घेऊन उभ्या बायका. २०२४च्या दिवाळीत या दुकानाने आमच्या घरचं मोठं काम केलं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी सून शिकागोत वाढली. तिची आई मेक्सिकोतल्या पुएब्लाची, वडील आयर्लंडमधल्या गॉलवेचे. दरवर्षी १ आणि २ नोव्हेंबरला ती मेक्सिकन रीतीने आपल्या गेलेल्या माणसांसाठी ओफ्रेंदा, म्हणजे त्यांच्या आठवणीचं पान मांडते. फोटो, दिवे, झेंडू आणि ज्याला जे आवडायचं ते जेवण. आईच्या आईसाठी तमालेस, म्हणजे भुट्ट्याच्या सालात बांधून वाफवलेलं मक्याचं वाटण. वडिलांच्या वडिलांसाठी कोलकॅनन, म्हणजे कोबी घालून लोण्यात घोटलेला बटाटा. आयरिश घरांत तो ३१ ऑक्टोबरच्या रात्री करायची रीत आहे. त्या वर्षी १ तारखेला लक्ष्मीपूजन आणि २ला पाडवा आला. सणाच्या दिवशी गेलेल्यांचं पान मांडायचं का, हे माझ्या मनात आलं. पण धनत्रयोदशीला यमाचा दिवा आपण लावतोच की. मी हो म्हटलं.

अडलं ते मक्यापाशी. तमालेसला मक्याचं साधं कोरडं पीठ चालत नाही. पांढरा मका खायच्या चुन्यात शिजवून रात्रभर ठेवायचा, सकाळी चोळून सालं काढायची आणि ओला असतानाच वाटायचा. त्या मक्याला निश्तमाल म्हणतात आणि वाटलेल्या पिठाला स्पॅनिशमध्ये 'मासा'. मी ३२ वर्षं जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे या चुन्याचं मला फार कौतुक वाटलं. त्याने साल सुटते, पीठ चिकट होऊन धरून राहतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. मका जगभर गेला, पण ही रीत सोबत गेली नाही. जिथे लोक नुसत्या मक्यावर जगले तिथे पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा आजार झाला. चुना आमच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरूनच आणला. किलोभर मक्याला दहा ग्रॅम पुरतो.

एका पिठाच्या गिरणीने ओला मका बघूनच नाही म्हटलं. इथले दादा मात्र म्हणाले, "करून पाहू ना काकू. नाही जमलं तं पैसे नका देऊ."

पहिल्यांदा नाहीच जमलं. सवयीने त्यांनी पाणी घातलं आणि डोशाच्या पिठासारखं पातळ आलं. पैसे खरंच घेतले नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी सातला फक्त आमच्यासाठी शटर उघडलं. मशीन धुतली, मका मुठीमुठीने टाकला, पाणी चमच्याने. सून शेजारी उभी राहून दर दोन मिनिटांनी चिमूट बोटांत दाबून बघत होती. तिसऱ्या खेपेला तिने डोळे मिटून वास घेतला, "आजीचं स्वयंपाकघर," म्हणाली आणि रडायलाच लागली. दादांनी मशीन बंद केली आणि स्टूल पुढे केलं.

मग त्यांनी विचारलं, मेक्सिको कुठे, आयर्लंड कुठे? तिने सान पात्रिसिओ पलटणीची गोष्ट सांगितली. १८४६ ते १८४८च्या युद्धात अमेरिकेची फौज सोडून मेक्सिकोच्या बाजूने लढलेले बरेचसे आयरिश शिपाई. त्यांचा म्होरक्या जॉन रायली गॉलवेच्याच क्लिफ्डनचा. १८४७ मध्ये त्यांच्यातले कितीतरी जण फासावर गेले. मेक्सिको सिटीत सान आंखेलला त्यांच्या नावांची शिळा आहे. सून हे सांगताना माझी सहा वर्षांची नात मान वर करून ऐकत होती. हे सगळं तिचंही आहे आणि ते तिला नागपुरात, मराठीत, दुभाषा झालेल्या आजीकडून ऐकायला मिळालं, याचा मला फार आनंद आहे.

तमालेस उत्तम झाले. ते वाटण लोण्यात फेटून गोळी पाण्यात टाकली, ती तरंगली, म्हणजे फेटणं नीट झालं. भुट्ट्याची वाळवलेली सालं भिजवून त्यांत बांधले, दीड तास वाफवले. साल अलगद सुटली. हार झेंडूचाच होता, आणि झेंडू मुळात मेक्सिकोचा.

किलोला २० रुपये घेतात. आपला डबा न्यावा, मका चांगला निथळून न्यावा आणि पाणी कमी हवं हे आधी सांगावं. दुपारी गर्दी असते, सकाळी आठच्या आत जावं.

यंदा मुलगा-सून येणार नाहीत. तरी १ नोव्हेंबरच्या सकाळी दोन किलो मका वाटायचा म्हणून मी दादांना सांगून ठेवलं आहे.